भरून ठेवलेलं पाणी

४ ऑक्टोबर

घर मिळालं! माझ्या एकटीच्या नावावरचं, माझ्या एकटीच्या किल्लीचं. भाड्याचं आहे म्हणून काय झालं? परक्या देशात चौघींच्या एका खोलीत दीड वर्ष काढलेल्या बाईला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि आतून कडी लागणारं न्हाणीघर म्हणजे राजवाडाच. ती कडी मी उगाचच चार वेळा लावून-काढून पाहिली. मग रिकाम्या खोलीत फतकल मारून बसले आणि एकटीच हसले.

मुख्य म्हणजे आता ठकीला आणता येईल. सात वर्षांची माझी लेक ताईकडे वाढतेय. इथला नियम असा की मूल आणायचं तर आईच्या नावावर राहतं घर हवं. कागद मंजूर झालेत, त्यांवर याच घराचा पत्ता आहे. ताईच्या ओळखीचं एक जोडपं २८ तारखेला इकडे येतंय, त्यांच्यासोबत ती येईल. एकटी बाई परदेशात काय दिवे लावणार, असं दीर सगळ्यांदेखत म्हणाले होते. या भावजी, बघायला या.

इमारतीच्या केअरटेकरला मी मिशाळ म्हणायचं ठरवलंय, कारण मिशांखाली तोंड आहे की नाही ते कळत नाही. त्याने दोन गोष्टी बजावल्या. टबाचा नळ कायम बारीक चालू ठेवायचा, कधीच पुरता बंद करायचा नाही. आणि घरात कशातही पाणी भरून ठेवायचं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, जुने पाइप आहेत. मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली, तो जिना उतरेपर्यंत थांबले आणि नळ गच्च बंद केला.

आमच्या घरी दिवसातून तासभर पाणी यायचं. तेवढ्यात आई, ताई आणि मी पिंपापासून वाटीपर्यंत सगळं भरायचो. वाहता नळ बघितला की आजही माझा हात तो बंद करायला जातो. मी टब भरला, बादली भरली, दोन पातेली भरून त्यांवर झाकणं ठेवली. तेव्हा कुठे आपल्या घरात आल्यासारखं वाटलं.

७ ऑक्टोबर

एक पातेलं सकाळी अर्धं झालेलं सापडलं. झाकण जागच्या जागी होतं. उजेडात धरून पाहिलं, भोक नाही. ओटा कोरडा ठणठणीत. मी वेंधळी आहे हे ताईचं लाडकं मत, तेव्हा मीच वापरलं असेन असं म्हणून पुन्हा भरलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची म्हातारी दाराशी आली. आत पाऊल टाकलं नाही, नुसता कान लावून उभी राहिली. पाइपातून पाण्याचा आवाज येत नाही, नळ बंद केलाय का, असं तिने विचारलं. हो, आम्ही पाणी वाया घालवत नाही, असं मी जरा ताठ्यातच सांगितलं. मग तिने विचारलं, घरात लहान मूल आहे का. येणार आहे म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. ती तशीच वळून जिना चढली. मला तर तिचा रागच आला.

११ ऑक्टोबर

सिंक तुंबलं. बाह्या सरसावून रबरी दट्ट्याने तासभर झटापट केली. पाणी इंचभर उतरायचं आणि गुडगुड करत पुन्हा वर यायचं. वर येताना लांबच लांब, पांढरे केस घेऊन आलं. माझे केस खांद्यापर्यंतही नाहीत.

काम करताना मला गुणगुणायची सवय आहे. ठकीला झोपवताना म्हणायचे तीच चाल, शब्द नसलेली, माझीच बनवलेली. मी दम खायला थांबले, तर पाइपातून तीच चाल आली. हळू, आणि एका ठिकाणी चुकलेली. शेजारच्या घरातून आवाज फिरून येत असणार, असं मोठ्याने म्हणाले. कुणाला ऐकवायला म्हणाले, ते माझं मलाच कळलं नाही.

१४ ऑक्टोबर

प्लंबर आला. सिंकखालचा वाकडा पाइप त्याने उघडून बादलीत उपडा केला. काळा गाळ, केस, आणि गाळात पांढरे कण. मी ते निवडून धुतले. दुधाचे दात होते.

मी दाताच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर साच्यांत दात बसवते, तेव्हा दात मला ओळखता येतात. मुलांचा दुधाचा दात आपोआप पडतो, तेव्हा त्याचं मूळ झिजून गेलेलं असतं. या दातांची मुळं शाबूत होती, लांब आणि अख्खी. ते पडलेले नव्हते, उपटलेले होते.

प्लंबर म्हणाला, इथे नवीन येणारा प्रत्येकजण कधी ना कधी नळ बंद करतोच. या इमारतीच्या पाण्यातून काहीतरी येतं. वाहत्या पाण्याबरोबर खाली निघून जातं, साठलेलं पाणी मिळालं की मुक्काम ठोकतं. हे तो नळ दुरुस्तीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाला. त्याने माझ्याकडे हातसुद्धा धुतले नाहीत. खाली जाऊन रस्त्यावरच्या नळावर धुतले, ते मी खिडकीतून पाहिलं.

१७ ऑक्टोबर

घरमालकाच्या ऑफिसात गेले. तिथली पोरगी गोड हसून म्हणाली, पसंत नसेल तर सोडा. सोडा म्हणे! घर सोडलं की पत्ता गेला, पत्ता गेला की ठकीचे कागद पुन्हा पहिल्यापासून. अजून वर्ष. आधीच ती फोनवर मला आई म्हणायच्या आधी क्षणभर थांबते. अजून वर्षाने ती ताईलाच आई म्हणेल. हे लिहितानाही रडू येतंय, पण ते काही पाण्यातल्या त्याच्या भीतीने नाही.

तेव्हा ठरलं. मी जात नाही. कुणाला जायचंच असेल तर त्याने जावं.

१९ ऑक्टोबर

दुपारी ठकीशी फोनवर बोलले. तिने तोंड कॅमेऱ्याला चिकटवून पुढचा दात दाखवला, हलतोय म्हणाली. फोन ठेवला. न्हाणीघरातून तिचाच आवाज आला. आई, दात हलतोय.

गेले. टबातलं पाणी सोडून द्यायला अजून मन झालं नव्हतं; ते अगदी निश्चल होतं. माझं तोंड त्यात दिसत होतं. माझं तोंड मिटलेलं आणि पाण्यातलं उघडं.

ओरडून पळाले नाही. का कोण जाणे, संतापच आला. ओढणी कमरेला खोचली आणि बोलले. लॅबमध्ये पाठ मोडून भाडं मी भरते, म्हटलं. फुकट राहतोस, माझं पाणी पितोस, वर माझ्या लेकीची नक्कल करतोस? चालता हो!

टबाच्या बुचाची साखळी ओढली. बूच हलेना. खालून कुणीतरी धरलं होतं. नुसतं घट्ट बसलेलं बूच आणि कुणी धरलेलं बूच यांत फरक असतो, तो हाताला कळतो. मी साखळी तळव्याला गुंडाळली, दोन्ही पाय टबाला टेकवले आणि सगळं अंग मागे टाकलं. कातडी सोलवटली पण बूच निघालं. पाणी जाताना आवाज झाला तो पाण्याचा नव्हता.

मग बादली, पातेली, पेला, फुलदाणीसुद्धा रिकामी केली. आणि नळ सोडला. बारीक धार. आयुष्यात पहिल्यांदा चालता नळ तसाच सोडून मी न्हाणीघराबाहेर आले.

२४ ऑक्टोबर

शांत आहे. सिंक भराभर उतरतं. धारेचा आवाज घरभर असतो, त्याची सवय झाली. आज जिन्यात म्हातारी भेटली, तिने पाइपाकडे बोट करून समाधानाने मान हलवली आणि माझा बांधलेला हात क्षणभर हातात घेतला. मिशाळ चक्क हसला. त्याला तोंड आहे.

जिंकले मी. नाकावर टिच्चून जिंकले.

२८ ऑक्टोबर

ठकी आली! मला वाटलं होतं, लाजेल. विमानतळावर धावत येऊन अशी बिलगली की मी खालीच बसले. अंगाला ताईच्या घरातल्या साबणाचा वास येत होता.

घर तिला फार आवडलं. ताईकडच्या न्हाणीघराच्या दाराला सुतळी बांधतात, म्हणून इथली कडी तिने दहा वेळा लावून पाहिली. मी तिला समोर बसवून सांगितलं, टबाचा नळ बंद करायचा नाही आणि पाणी भरायचं नाही. का, म्हणाली. जुने पाइप आहेत, असं सांगितलं. काय सांगणार होते? सात वर्षांच्या पोरीला ते दात दाखवू? तिने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

२९ ऑक्टोबर

रविवार दुपार. स्वयंपाकघरात ऊन आलंय. ठकी आतल्या खोलीत बॅग उपसतेय, मी टेबलाशी लिहितेय. इतकं सुख मला सोसवेल का, असंच वाटतंय. भावजींना फोटो पाठवावा म्हणते, दोघींचा, दात दिसतील असं हसून

काहीतरी चुकतंय. मघापासून कळत नव्हतं. घर फार शांत आहे.

धार ऐकू येत नाही.

ठकीला हाक मारली. ती न्हाणीघरातून ओरडली, आई, नळ नुसता वाहत होता, मी बंद केला. तुझ्यासाठी टब भरून ठेवला, काठोकाठ! मावशी म्हणते ना, पाणी वाया घालवायचं नाही. केवढी खूश आहे. आईने शिकवलं आम्हाला, ताईने तिला —

बाहेर ये म्हणाले. कडी वाजली. उघडल्याची नाही —

कुणीतरी गुणगुणतंय. माझीच चाल. आता कुठेच चुकत नाहीये.

ठकी हसतेय. ठकी आत कुणालातरी म्हणतेय, हो आई, उघडलं तोंड, आऽ —

मी इथे आहे. मी काहीच बोलले नाही. मी इथे —

दार तोडते. ऐकतोस? घर माझं आहे, मुलगी माझी आहे, माझ्या पोरीच्या दाताला हात तर लावून —