घण धरणारीचा हिस्सा

मी, पंडित धुळाजी यमगर, वय सहासष्ट, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार तेलगाव, जिल्हा बीड, आज दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या दाबाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावाच हवा असेल तर परवा रस्त्यावरून गेलेल्या जीपचा नुसता आवाज ऐकून मी खाटेवरून सांगितले की हिच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय, आणि तो तुटलेलाच निघाला. छातीचे दुखणे मात्र खरे आहे. डॉक्टर हल्ली माझ्याशी फार गोड बोलू लागले आहेत, म्हणून हा कागद.

मला मूलबाळ नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. जेवताना समोर बसायला माणूस नसले की मेल्यावर कुणाला काय द्यायचे हा विचारही सुचत नाही.

कलम १. पुतण्या युवराज गावभर "चुलत्याची जागा माझ्याच नावावर होणार" असे सांगत फिरतो. त्याला चाकात हवा भरायचा पंप द्यावा. तोंडाची हवा त्याच्याकडे मुबलक आहे. माझा जॅक नेऊन त्याला चार वर्षे झाली. तो त्याने खुशाल ठेवून घ्यावा, पण परत द्यायच्या निमित्ताने मयतीला येऊन रडू नये.

कलम २. रस्त्यावरचे गॅरेज, मागची राहती खोली आणि सर्व हत्यारे माझी पत्नी केशरबाई, हल्ली मुक्काम उमापूर, हिला मिळावीत. वकीलसाहेब म्हणाले, "मी देतो" असे लिहा. पण देतो म्हणायला ते सगळे माझे असायला हवे. अर्धे आधीपासून तिचेच आहे. मी फक्त माझे अर्धे देऊ शकतो. असे का, ते सांगतो.

लग्नानंतर सात वर्षे आम्ही ऊसतोडीला जात होतो. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. आम्ही पुरा कोयता होतो आणि मला त्याचा तोरा होता. पुढे कारखान्यावर बिघडलेल्या ट्रॅक्टरांपाशी बसून मी काम शिकलो आणि तेलगावात गॅरेज टाकले. जुन्या छोट्या गाड्यांच्या सस्पेन्शनचे गंजून धरलेले जोड सोडवावेत तर पंडित मिस्त्रीनेच, असे लोक म्हणू लागले.

आता तो जोड कसा सुटतो ते ऐका. पुढच्या चाकाची पिन निमुळती असते, ती आपल्या भोकात रुतून बसते. आधी तारेच्या ब्रशने गंज काढायचा, डिझेल सोडून दिवसभर थांबायचे. नट दोन आटे सैल करून तसाच ठेवायचा, नाहीतर जोड सुटताना उसळून तोंडावर येतो. मग हातोडा मारायचा, पण पिनेवर नाही. पिनेवर मारतो तो अडाणी, तिचे आटे जातात. मारायचे ते पिन ज्या भोकात बसली आहे त्याच्या कडेवर. आणि मारताना पलीकडून कुणीतरी जड घण घट्ट टेकवून धरावा लागतो. धरला नाही तर सगळा मार गाडीभर पसरून वाया जातो. मारणाऱ्याचा हात नुसता दमतो. धरणाऱ्याच्या मनगटात प्रत्येक घाव उतरतो.

तो घण सोळा वर्षे केशरबाईने धरला. जोड हलला हे मला कानाने कळायच्या आधी तिला हाताने कळायचे. "सुटला बगा," ती म्हणायची, आणि तो सुटलेला असायचा. मात्र गिऱ्हाईक आले की मी तिला "आत हो" म्हणायचो. फडात बायको बरोबरीने राबते याची मला कधी लाज वाटली नाही. गॅरेजात वाटली. चार रुपये आणि मिस्त्री ही पदवी मिळाल्याबरोबर माझी अक्कल गहाण पडली.

कलम ३. गॅरेजमागची पांढरी फियाट गावचे पुढारी विजयसिंह बापू यांच्या वडिलांची. तिचे पुढचे दोन्ही जोड असे धरले होते की बीडच्या मिस्त्रींनी गॅसने कापायला सांगितले होते. डावा आम्ही दोघांनी दुपारभर खपून सोडवला. तेवढ्यात बापू माणसे घेऊन आले.

"कुणी सोडवला बे हा?" त्यांनी विचारले.

"मीच की, बापू. एकट्यानं."

बापूंनी तिथल्या तिथे शाल मागवून माझ्या खांद्यावर टाकली. केशरबाई दाराआड उभी होती, घण तिच्या हातातच होता. लोक गेल्यावर तिने एवढेच विचारले, "आन धरला कुनी व्हता?"

"बायको घण धरती म्हणून लोकांत सांगू का?"

"फडात सांगत व्हता की."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने माहेरी उमापूरला गेली. दोनदा तिचा निरोप आला: चारचौघांत खरे सांगा, मग येते. मी गेलो नाही, सांगितलेही नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत चौदा वर्षे एकट्याची भाकरी थापली. बापूंनी मोठी गाडी घेतली आणि फियाट कागदांसह मलाच देऊन टाकली. तिचा उजवा जोड अजून धरलेलाच आहे. जोड ओढून काढायचा पुलर लावून बघता आला असता, गॅसने तर तासाभरात कापला असता. पण घण टेकवायला दुसरे कुणी उभे करायला माझे मन झाले नाही. ही गाडी भंगारात घालू नये. ती केशरबाईची.

कलम ४. माझे दहन झाल्यावर हा कागद गॅरेजच्या दारात सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, म्हणजे माझ्या पत्नीला हवे होते ते चारचौघांत सांगितल्यासारखे होईल.

पुरवणी, दिनांक ६ एप्रिल २०२५.

वरील कागदाची नक्कल मी शेजारच्या हॉटेलवाल्या राधाकिशनजवळ देऊन उमापूरला पाठवली. केशरबाईने ती पुरी ऐकून परत दिली आणि सांगून पाठवले, "मेल्यालं मानूस खरं बोललं तर त्यात काय मोठं? जित्तेपनी बोला म्हनावं."

तिचे बरोबर होते. मी लाज वाचवायला मरणाचा आडोसा शोधत होतो.

म्हणून उमापूरला तसा निरोप धाडून आज आठवडी बाजाराच्या दिवशी मी गॅरेजच्या दारात उभे राहून कलम दोन आणि तीन स्वतः वाचले. पंचवीस-तीस माणसे जमली. कुणीतरी फिदीफिदी हसले. भाजीवाल्या छबुबाई ओरडल्या, "मिस्त्री, मागच्यान्ला आयकू येईना, पुन्ना वाचा!" मी पुन्हा वाचले. मान वर केली तर गर्दीच्या कडेला केशरबाई उभी होती. केस पांढरे झालेले, दोन्ही मनगटांना पट्टे.

लोक पांगल्यावर मी म्हणालो, "आत चल, चहा करतो."

"आयकलं मी," ती म्हणाली. "लई बरं वाटलं. पन चौदा वर्सं भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हनून गेले. आता हात उचलत न्हाईत, आन मनबी न्हाई. आता तुमी कावून रडता?"

मी एवढेच विचारले, "कागद तरी घेशील?"

"घेते. पन बायको म्हनून देऊ नका. मिस्त्री म्हनून द्या."

सबब, वरील कागदात कलम दोनमध्ये जिथे "माझी पत्नी केशरबाई" असे लिहिले आहे, तिथे ते शब्द खोडून "केशरबाई मिस्त्री" असे वाचावे. कलम चार रद्द. बाकी सर्व कायम. एक नक्कल तिच्या हाती दिली आहे. ती साडेतीनच्या गाडीने उमापूरला गेली.

लिहून देणार: पंडित धुळाजी यमगर (सही)

मृत्युपत्र व पुरवणी, दोन्ही सह्या आमच्यासमक्ष झाल्या:
१. राधाकिशन बाबुराव काळे, तेलगाव (सही)
२. छबुबाई दगडू शेळके, तेलगाव (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: तेलगाव, गॅरेजच्या दारात
दिनांक: ६ एप्रिल २०२५