पलंगपोसाची उलटी बाजू

अण्णा,

परवा इंग्लंडात एका सरदाराच्या महालात मी बोलणी खाऊन आले. महाल म्हणजे आपली अख्खी गल्ली आत मावावी एवढा. माझा मुलगा तिकडे नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो, सून, आठ वर्षांची नात आणि मी डबा बांधून निघालो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मी घरी विसरते होय! तिकडे लोक असले वाडे तिकीट काढून बघतात आणि देवळात आल्यासारखे हळू बोलतात. वरच्या मजल्यावर कुणा राणीसाठी सजवलेला पलंग होता. ती कधी आलीच नाही म्हणे. त्यावर विणलेला पलंगपोस, पुढे दोरी. मी दोरीवरून हात घातला आणि पलंगपोसाचा कोपरा उलटा केला. विचारबिचार काही नाही, हात आपला गेला. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जन्मभर माग चालवलेले तुम्ही, कापड दिसलं की हेच करायचात आणि म्हणायचात, "पुढनं समदंच कापड चांगलं दिसतंय. उलटं करून बघावं की."

"आई, हात काय लावतेस? लोक बघतायत," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. अण्णा, तो माझाच जुना आवाज होता. माझा साखरपुडा आहे, सासरच्यांनी आणलेल्या शालूचा पदर तुम्ही उलटा करताय, आणि ते काय म्हणतील या धास्तीनं मी चारचौघांत तुम्हाला हेच बोलतेय. तुम्ही "बरं, ऱ्हायलं" म्हणालात आणि हात मागे घेतलात. त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही कधी कापड उलटं केलं नाही.

खोलीवर लक्ष ठेवणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. हाताच्या घामानं जुनं कापड खराब होतं म्हणाल्या, ते खरंच होतं. मी मान खाली घातली. मग त्यांनी मुलाला विचारलं, आईंना उलटी बाजूच का बघायची होती? तो जरा अडखळला. "माझे आजोबा माग चालवायचे," म्हणाला. परक्या माणसांत हे सांगताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. बाईंनी टेबलाच्या खणातून त्याच विणीचा नवा तुकडा काढला, लोकांनी हात लावून बघावा म्हणून ठेवलेला. मी तो उलटा करून नातीला दाखवला, कुठला धागा कुठून फिरलाय ते. महालापेक्षा तिला तेच आवडलं. पुढं हिरवळीवर आम्ही आपली सोलापुरी चादर अंथरून जेवायला बसलो, तर तिनं चादरीचा कोपरा उलटला. "आज्जी, ही तर दोन्हीकडून छान आहे." मुलगा हसला आणि त्यानंही आपल्या बाजूचा कोपरा उलटून पाहिला. तुमचा हात अजून घरात आहे, अण्णा.

हे पत्र कुठं टाकणार? त्याच शालूच्या घडीत ठेवते. त्याच्या पदराला मागून धागे सुटलेले होते. लग्नानंतर घडी घालताना मला दिसले, तुम्हाला त्या दिवशीच दिसले असणार. तुम्ही होतात तोवर हे कबूल करायला माझी जीभ काही रेटली नाही.