गूज कोव्हमधलं गवत

११ जून, सोमवार

पाणी चहासारखं! गढूळपणा मोजायला दोरीने सोडलेली थाळी दोन फुटांवरच दिसेनाशी झाली. गेल्या वर्षी याच आठवड्यात चार फूट दिसत होती. वरच्या नद्यांनी यंदा एवढं पाणी ओतलंय की जिभेला लावून बघितलं तर मीठ नावालाच.

गवताच्या मोजणीच्या सहा जागा झाल्या, आठ बाकी. प्रत्येक जागी तीनदा दाताळं टाकायचं, तळावरून ओढायचं, वर काय येतं ते कागदावर लिहायचं. नेहमीचं पाणगवत, विजनगवत, दोन ठिकाणी, केसांसारखं बारीक आणि दमलेलं. बाकी चिखल. एक चप्पल.

ही मोजणी बघणाऱ्या विद्यापीठातल्या मुलीचा फोन. "विमान उडालं, मिस इनेझ, फोटोही काढले. पण फोटोत नुसती खाकी चादर दिसते. यंदा बेटाच्या बाजूला आमचे डोळे म्हणजे तुम्हीच."

फार बरं वाटलं. छत्तीस वर्षं पोस्ट सांभाळलं, असं कुणी बोललं नव्हतं.

१२ जून, मंगळवार

पाठ धरली. होडी नाही.

१४ जून, गुरुवार

डेन्वुडकडे मऊ खेकडे आणायला गेले. माझा धाकटा भाऊ. अंगणात नुसते पिंजरेच पिंजरे! ऐंशी झालेत म्हणे. हिवाळाभर जाळी वाकवून बोटांची सालटी काढून घेतली त्याने. गूज कोव्हमधली पाच एकर जागा मिळाली की त्यात कालवं वाढवायची. सगळं कशासाठी, तर त्याची पोरगी डेलेनी बेटावर राहावी म्हणून. नुसत्या खेकड्यांवर आता कुणाचं भागत नाही, कालवांवर भागेल, असं तो म्हणतो. त्याची बायको लोरेन गेल्यापासून त्या दोघांचं घर म्हणजे दोन खुर्च्या आणि एक रेडिओ. पोरगी तेवीस वर्षांची आहे. तीही गेली तर एकच खुर्ची.

पण सरकारी खात्याच्या परवान्याच्या कागदावर अट आहे — या उन्हाळ्यात तिथे तळाला गवत आढळलं तर जागा नाही. गवताला खातं फार जपतं.

"तिथे काय, चिखल," डेन्वुड म्हणाला. "आपण लहान होतो तेव्हापासून चिखल. तू आपलं दाताळं टाक आणि शून्य लिही."

म्हटलं, आधी टाकते, मग लिहिते.

"बघा! पोस्टात होतीस तेव्हा लोकांची पाकिटं उजेडात धरायचीस. आता खाडी धरतेयस."

डेलेनी हसली नाही. खेकडे कागदात गुंडाळत होती. मला दोन जास्त दिले.

१९ जून, मंगळवार

आज गूज कोव्ह. आधी जेवले, मग लिहायला बसले.

पहिल्यांदा दाताळं टाकलं — चिखल. दुसऱ्यांदा — चिखल आणि एक शिंपला. तिसऱ्यांदा — गवत!! आणि विजनगवतही नाही. रुंद पान, देठाला मिठी मारून बसलेलं, कडेला बारीक सुरकुती. पाच मिनिटं तशीच बसून राहिले. लालडोकी गवत! लाल डोक्याची बदकं यायची ती हे खायला. मी नऊ वर्षांची असताना आजोबांनी दाखवलं होतं, त्यानंतर या बेटाच्या आसपास मी ते पाहिलेलं नाही. पन्नास वर्षं!

आधी आनंद झाला. खोटं कशाला लिहू, अगदी नाचावंसं वाटलं. मग डेन्वुडचे पिंजरे आठवले.

२० जून, बुधवार

कागद तसाच ठेवला. मुदत ऑगस्टअखेर आहे. एकदा मिळालं म्हणजे काय? वाहून आलेला तुकडाही असेल. परत बघायला हवं.

मुळं होती त्याला. वाहून आलेल्याला मुळं नसतात. मला माहीत आहे.

२६ जून, मंगळवार

ओहोटीला गेले, होडी बांधली आणि सरळ पाण्यात उतरले. मांडीपर्यंत. पायांनी चाचपडत. चिखल गार, वर पाणी गरम. एक झुबका पायाला लागला. हात घालून चाचपला. मग एक हात पुढे — दुसरा झुबका. आणखी एक हात — तिसरा.

पुढे सरकत गेले. चौथा. पाचवा. मग वळून शेजारच्या बाजूला. तिथेही. हातभर अंतर, हातभर अंतर, चर्चमधल्या बाकांसारखं! गवत कधी असं उगवतं का? जिथे मन लागेल तिथे पसरतं, गोल, वेडंवाकडं, भोकं भोकं.

हे कुणीतरी लावलंय.

कोण? कशाला? केव्हा? घरी येऊन भिजलेल्या कपड्यांतच हे लिहितेय.

२७ जून, बुधवार

तो डेंटिस्ट! दुसरं कोण?

मिस्टर हर्शबर्गर, पेनसिल्व्हेनियाचे. कोव्हच्या काठावर घर घेऊन तीन वर्षं झाली. पिंजऱ्यांना हरकत म्हणून खात्याला दोन पानी पत्र त्यांनीच पाठवलंय — खिडकीतून तरंगते खोके दिसणार, सूर्यास्ताचा विचका होणार वगैरे. गवत आलं की परवाना बारगळतो हे माहीत असणाऱ्यांतले ते. पैजेवर सांगते.

२९ जून, शुक्रवार

पैज हरले.

गेले त्यांच्याकडे, मक्याचा पाव घेऊन. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी चौकशीला जाऊ नये, एवढं पोस्टात शिकले. म्हातारा धक्क्यावरच उभा होता, बूट चकचकीत. म्हणाले, "मिस इनेझ, बरं झालं आलात. हे जे हिरवं काहीतरी माझ्या शिडीला गुंडाळतंय ना, त्याच्यावर मारायला काही औषध मिळतं का?"

औषध! मी त्यांना तिथल्या तिथे गवतावर अर्ध्या तासाचं प्रवचन दिलं — खेकडा कात टाकतो तेव्हा कुठे लपतो, पिल्लं कुठे वाढतात, पाणी कशाने निवळतं. ते "अच्छा" म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी हे उपटायचं नाही?"

ज्याला गवत आणि शेवाळ यांतला फरक कळत नाही, तो हातभर अंतराने रोपं लावणार? नाही. तिथून निघाले.

४ जुलै, बुधवार

स्वातंत्र्यदिनाचे फटाके दुपारीच उडवले, पाऊस येणार म्हणून. आलाच नाही.

डेन्वुडने सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या वर्षी माझ्या कालवांनी टेबल भरेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेलेनीनेही वाजवल्या. मी केक कापत होते.

१० जुलै, मंगळवार

एक झुबका मुळासकट काढला. काढायला नको होता, पण राहवलं नाही. घरी आणून परातीत धुतला. चिखल गेल्यावर मुळांभोवती काय? काथ्या! नारळाच्या काथ्याची चटई, हाताएवढा तुकडा, मुळं त्यातून आरपार गेलेली.

नारळ आमच्याकडे उगवत नाही. बेटावर काथ्या एकाच ठिकाणी येतो — शाळेत. पोरं हिवाळाभर टबांत गवत वाढवतात, मेच्या शेवटी काथ्यात बांधून उत्तरेच्या वाळूपाशी लावतात. विद्यापीठच पाठवतं सगळं.

शाळेत सहा पोरं आहेत. सर्वांत मोठं दहा वर्षांचं. आणि एक मदतनीस, जिच्याकडे टबांच्या खोलीची किल्ली असते.

माझी भाची.

आज जेवण करायचं राहून गेलं.

१३ जुलै, शुक्रवार

डेलेनीला बोलावलं. खेकडा तळला, पावात घालून दिला. परात तशीच टेबलावर ठेवली होती, मुद्दाम. तिने बघितली. खाणं थांबवलं नाही. माझ्याच वळणाची आहे.

मग म्हणाली, "किती लागलं, आत्या?"

"काय किती लागलं?"

"रोपं. मी एकशेवीस लावली होती. किती धरली?"

रागवायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "नव्वदच्या वर." तिचं तोंड एकदम उजळलं आणि मग पडलं. दोन्ही मी बघितलं.

सगळं सांगितलं तिने. नॉरफोक बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर तिला काम मिळतंय. डेकवर, दोरखंड सांभाळायचे, पंधरा दिवस पाण्यात, पंधरा दिवस सुटी. ऑक्टोबरपासून या म्हणालेत. "पाणी नको झालंय असं नाही गं. हेच पाणी नको झालंय. बाबा म्हणतात आपली कालवं, आपली जागा, आणि मला वाटतं कुणीतरी मला त्या पिंजऱ्यातच घालतंय."

"मग तसं सांग त्याला."

"तू सांगितलं असतंस? ऐंशी पिंजरे केलेत त्यांनी. बोटं बघितलीस त्यांची?"

मी बघितलीत.

"खात्याने नाही म्हटलं की त्यांना माझा राग यायला नको. खात्याचा येईल. खात्याचा राग त्यांना आवडतो."

हसूच आलं मला, काय करू! मग ती रडली. मीही थोडी. नंतर उरलेला पाव तिनेच संपवला.

जाताना म्हणाली, "तू काय लिहिणार आहेस, आत्या?" म्हटलं, माहीत नाही. खरंच नाही.

१५ जुलै, रविवार

चर्चमध्ये लक्ष नव्हतं. कागदावर रकाने मोजके — कोणतं गवत, किती दाट, शून्य ते चार. खाली शेऱ्याला एक ओळ. 'लावलेलं आहे' असं लिहिलं तर पोरीवर कारवाई, आणि डेन्वुडला कळणारच. नुसतं 'गवत आहे' लिहिलं तर त्याचा परवाना गेला. शून्य लिहिलं तर मी खोटारडी, आणि डेलेनी इथे अडकली.

आणि एक गोष्ट, ती इथेच लिहिते. ती राहिली तर मला आवडेल. फार आवडेल. रविवारी ती येते तेव्हाच या घरात दोन ताटं लागतात.

२३ जुलै, सोमवार

पुन्हा उतरले पाण्यात. रांगा मोडायला लागल्यात! दोन ओळींच्या मधल्या चिखलातून नवे कोंब. बोटाएवढे, फिकट. त्यांना काथ्या नाही, कुणी लावलेले नाहीत. मोजले — एकतीस.

आता सांगा, हे गवत लावलेलं की आपणहून आलेलं? मधल्या कोंबांना कुठल्या रकान्यात घालू? विद्यापीठाला विचारावंसं वाटतं, पण कशी विचारू.

पन्नास वर्षं हा चिखल रिकामा होता. यंदा वरून गोडं पाणी आलं म्हणून धरलं का? की कुणी लावायचीच खोटी होती? दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात लावलं तर तिथेही धरेल? सारखं तेच डोक्यात घोळतंय. बाकीच्या जागांना नकाशावर हिरवी पेन्सिल लावत बसले होते. कितीतरी कोरा आहे तो.

३ ऑगस्ट, शुक्रवार

कोंब सत्तरच्या पुढे. एका झुबक्यात कात टाकलेला खेकडा सापडला, हाताला लोण्यासारखा मऊ. सोडून दिला. डेन्वुड बघता तर वेड्यात काढता.

१२ ऑगस्ट, रविवार

डेन्वुड जेवायला होता. डेलेनीही. मी मुद्दाम विषय काढला — तरुण पोरं बाहेर जातात, टगबोटींवर जातात, परतही येतात, असं काहीतरी. फारच उघड झालं बहुतेक.

डेन्वुड बटाटे वाढून घेत म्हणाला, "जाईनात का. आमच्या घरात कुणाला कुठे जायचं नाहीये." डेलेनीने मीठ पुढे केलं. म्हणाली, "हे घ्या, बाबा."

टेबलाखाली मी तिला लाथ मारली. लागली डेन्वुडला.

"काय गं, इनेझ?"

म्हटलं, पाय आखडला.

१८ ऑगस्ट, शनिवार

चौदा जागांपैकी तेरा लिहून झाल्या. गूज कोव्हची ओळ कोरी. ही मोजणी करतेय त्या सात वर्षांत एकही ओळ कोरी पाठवलेली नाही, खोटीही नाही. पेन घेते आणि ठेवते. डेन्वुडला आपण सांगावं का? पण ते तिचं सांगणं आहे, माझं नाही. मी फक्त तळाला काय आहे ते बघणारी.

उद्या तिला शेवटचं सांगते — तू बोल, नाहीतर मी लिहिते.

१९ ऑगस्ट, रविवार

सांगितलं. "उद्या बोलते," म्हणाली. याआधीही दोनदा म्हणाली होती.

२० ऑगस्ट, सोमवार

सकाळी दार वाजलं. डेलेनी नव्हती, डेन्वुड होता. आत आला, बसला नाही. टोपी हातात.

"कागद पाठवलास?"

"नाही."

"पाठव. गवत आहे म्हणून लिही. बाकी काही लिहू नकोस."

मी तोंड उघडलं, त्याने हात वर केला.

"मेमध्ये बघितलं मी तिला. पहाटे जाळी ओढायला निघालो होतो. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेक रोप लावत होती. मी इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने होडी मागे घेतली."

टोपी डोक्यावर चढवली, दाराकडे वळला.

"मला वाटलं, धरणार नाही."