खुबूस खाणारे मासे

अब्बा, तुमची मुलगी तिसरीतून उठलेली, तेव्हा अक्षर वाकडं असणारच, गोड मानून घ्या. माझी नात, तुमची पणती, मासे गरवते हे सांगायला बसलेय. पोरगी हो! इथे आखातात, अल ऐनजवळ, जावयाच्या ओळखीच्या माणसाचं शेत आहे, चहूकडे वाळू आणि मधे तळं. तिथे आम्ही शनिवारी जातो. गरीला दाणा नाही, गांडूळ नाही, नुसती पिसं बांधून केलेली खोटी माशी. आणि लागलेला मासा परत सोडायचा म्हणे. तुम्ही पोट धरून हसला असता.

पण लागेल तर सोडेल ना! पाच शनिवार झाले, मासे वर येतात, माशी हुंगतात आणि शेपूट फिरवून जातात. "नानी, दे आर सो पिकी," म्हणते. काल डोळे भरून म्हणाली, "आज नाही लागला तर खलास, रॉड देऊन टाकणार." मी म्हटलं, यल्ला, चल, मला काठाला खुर्ची टाक. आणि तुमच्यासारखी बसले. तुम्ही नदीच्या कोंडावर पोचलात की आधी निवांत विडी ओढायचात, गरी पाण्यात टाकायचीच नाही. मी घाई केली की ओरडायचात, "सावली पाडू नको! माशाच्या पुढ्यात काय वाढलंय ते आधी बघू दे." असा बघणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. जावई दिवसभर लॅपटॉपमध्ये बघतो, पण त्याला समोरचं मीठ सापडत नाही.

तर बघत बसले. पलीकडे पिकनिकला आलेली पोरं खुबूस, म्हणजे इथली रोटी, तोडून पाण्यात टाकत होती आणि सगळे मासे तिकडेच. मी शालीचा पांढरा धागा ओढून त्याचा गोळा केला. "बांध हे."

"नानी, धिस इज नॉट इव्हन अ फ्लाय!"

"बांध गं हबीबी, खुबूसचा तुकडा वाटला पाहिजे."

दुसऱ्याच फेकीला रॉड वाकला. माझ्या पंजाहून मोठा तिलापिया! पोरीने त्याचा मुका घेऊन त्याला सोडला आणि मग त्याच तोंडाने माझा घेतला.

"तुला कसं कळलं?" विचारते. म्हटलं, माझ्या बापाने शिकवलं. खरंच आहे ते, पण अर्धं. एकदा थोरल्या आपाच्या सोयरिकीला पाहुणे यायचे होते, तुम्ही त्यांना कोंडातला खडस मासा खायला घालायचा शब्द दिला होता, आणि दिवसभर गरीचा दाणा बदलबदलून रिकाम्या हाताने परतलात. पाहुण्यांना डाळ वाढलीत, हसत म्हणालात, "आज मासे माझ्यापेक्षा शहाणे निघाले." शेवटच्या दुखण्यातही विचारायचात, त्या दिवशी काय चुकलं असेल गं? अब्बा, तुमचं काही चुकलं नव्हतं. वरच्या अंगाला दगडाआड बसून मी माझी भाकरी माशांना भरवत होते. हा कागद पोरीच्या पिसांच्या डबीत तळाशी ठेवते. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच.