डावीकडचं बेअरिंग

१ मार्च, रविवार. सकाळी ९.
गाडीच्या पुढच्या चाकातून घुं घुं आवाज. साठच्या वर गेलं की वाढतो. बेअरिंग गेलंय. हे सांगायला मला मेकॅनिक लागत नाही. एकतीस वर्षं पंपांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करतोय. चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली की ती आणखी किती दिवस जगणार ते सांगतो. याच कानावर एका टेबलाची तीन दुकानं केली.

डावं चाक. शंकाच नाही.

पुढच्या रविवारी लेकीला नोकरीच्या गावी सोडायचंय. नऊ तासांचा रस्ता, शेवटी घाट आणि नुसती खडी. फोर व्हील ड्राइव्हशिवाय सगळं सामान चढणार नाही. बायकोला जागा नाही, असं मीच सांगून टाकलं. फक्त मी आणि लेक. दोन वर्षांत 'मीठ दे'च्या पलीकडे आमचं बोलणं नाही. नऊ तासांत तिला दुकानात परत यायला राजी करतो. चालत्या गाडीतून जाईल कुठे?

बेअरिंग घरीच बदलणार. चार तासांचं काम.

३ मार्च, मंगळवार.
बेअरिंग, सील, ग्रीस आणलं. दुकानदाराने विचारलं, दोन्ही बाजूंची देऊ? म्हणालो, एक दात दुखतोय, दोन कशाला उपटू?

लेकीला चक्कर मारून आणली. डावीकडे वळलं की आवाज वाढतो, म्हणजे डावं, असं समजावलं. म्हणाली, बाबा, डावीकडे वळलं की भार उजव्या चाकावर येतो. उजवं गेलंय.

हसलो. दोन वर्षांपूर्वी तिने मोठं दुकान चालवायला मागितलं तेव्हा म्हणालो होतो, या धंद्याला कान लागतो, तो तुला नाही. आज पुरावाच मिळाला. वाईट वाटलं. पण बोललो नाही. बोलायला नऊ तास आहेत.

५ मार्च, गुरुवार.
चाक काढलं. नट गंजलेले. पान्यावर उभा राहिलो. पाना सुटला, मी आडवा. अंगठ्याचं नख काळं.

जुनं बेअरिंग फिरवून पाहिलं. रोलर लखलखीत, खडखड नाही. वरून गोरंगोमटं, आतून कुजकं. अशी माणसंही पाहिलीत. फेकलं. ज्या कडीत ते फिरतं ती रेस हबमधून निघेना. चांगली दिसत होती, तशीच ठेवली. लेक जाता जाता म्हणाली, बाबा, बेअरिंग आणि रेस जोडीने बदलतात. मी हातोडा शोधत होतो.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला उजवीकडे येऊन काहीतरी बोलला आणि गेला. हा माझ्याच दुकानात वायर सोलत मोठा झाला. बायकोने सांगितलं, दीड तासात करून देतो मालक, असं म्हणत होता, तुम्ही नुसते 'बघू' म्हणालात. म्हणालो, हल्ली सगळे पुटपुटतात. ती म्हणाली, कोणी पुटपुटत नाही, तुमचा उजवा कान गेलाय, मोटारींनी खाल्ला, डॉक्टरला दाखवा.

कामाचं सगळं ऐकू येतं मला.

६ मार्च, शुक्रवार.
जोडलं. हबचा नट दात-ओठ खाऊन आवळला. माझं काम ढिलं नसतं.

चक्कर मारली. घुं घुं तसाच, वर कुईं कुईं नवीन. नव्या चपलाही आधी करकरतात. सहा किलोमीटरवर चाकातून धूर. हब इतका तापलेला की बोट भाजलं. घरी येईपर्यंत एका सायकलवाल्याने मागे टाकलं. शिवाय वळूनही पाहिलं.

लेक म्हणाली, मी उजवं उघडून बघू का? एकदाच. म्हणालो, तू बॅगा भर. पाना हातात घेऊन जरा वेळ उभी राहिली. मग तो पेटीत नेमक्या त्याच्या खाचेत ठेवला आणि आत गेली.

७ मार्च, शनिवार.
डावं परत उघडलं. नवं बेअरिंग भाजून निळं पडलंय. दुकानदाराने माल खोटा दिला. दुसरं सोमवारी येणार.

बायकोने मला न विचारता गॅरेजवाल्याला फोन केला. तो बाहेरगावी, उद्या संध्याकाळी परतणार. गुरुवारी त्याला हो म्हणायला तुमचं काय जात होतं, असं ती तीनदा म्हणाली. तिन्ही वेळा डावीकडून.

लेकीने बसचं तिकीट काढलं. म्हणालो, करतो मी काहीतरी, रद्द कर. म्हणाली, राहू दे बाबा. खूप झालं.

तिकिटाबद्दलच म्हणत असावी.

८ मार्च, रविवार.
बस सकाळी सहाची. आम्ही टॅक्सीने गेलो. जड खोका मागे राहिला, पार्सलने पाठवू. फलाटावर सांगितलं, पोचलीस की फोन कर. एवढंच सुचलं. बाकीचं नऊ तासांच्या मापाने तयार केलं होतं, पाच मिनिटांत कसं बसणार?

संध्याकाळी गॅरेजवाला आला. उजवं चाक वरखाली ढकललं. डुगडुगलं. उघडलं तर रोलर खडीसारखे त्याच्या हातात पडले. म्हणाला, मालक, घाटात चाक निसटलं असतं, तिच्यासकट खाली गेला असता. म्हणालो, दोन्ही बाजू एकदम बदलाव्यात हे माझं पहिल्यापासून मत.

तो काही बोलला नाही. किंवा बोलला असेल.

११ मार्च, बुधवार. रात्री ८.
दोन्ही चाकांची बेअरिंगं नवी. गाडी लोण्यासारखी चालते.

लेकीचा फोन आला. पाणीपुरवठ्याचे सोळा पंप तिच्याकडे आहेत. साहेब रोज सकाळी आधी तिला सगळ्या पंपांवरून फिरवून आणतात. ती ऐकते आणि कुठला उघडायचा ते सांगते. काल तिने सांगितला तोच बिघडलेला निघाला.

म्हणालो, छान. आता दुकानाचं काढावं म्हणून घसा साफ केला. तेवढ्यात तिने विचारलं, बाबा, आपलं शेवटी कुठलं निघालं?

डावं, म्हणालो.

ती म्हणाली, बरं. आईला द्या.

दिला.