डाव्या बाजूच्या दोन वायरी

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा केसांत काळा चुरा! हेडफोनच्या गाद्यांचं आवरण झडतंय. चर्चमध्ये शेजारणीने माझ्या मानेवरून टिपून दाखवला — "व्हर्ना, धुराड्यात डोकं घातलं होतंस की काय?" रेइनो म्हणतो, नवे घे. मुळीच नाही! माझ्या पहिल्या पगारातले आहेत, नवऱ्याच्याही आधीचे. तोही जुना झालाय, त्याला कुठे बदललं?

१५ जानेवारी

खरं काय ते इथेच लिहिते. माझे कान बिघडलेत. वर्ष होत आलं. सरावाची गाणी लावली की वाद्यं ऐकू येतात, गाणारी बाई मात्र नाहीशी होते — आवाज पोकळ, डोक्याच्या मागून कुठून तरी. खालचे सूर तर नाहीतच. हेडफोनला दोष द्यावा, तर दोन्ही बाजू खणखणीत वाजतात. मागच्या हिवाळ्यात कुत्र्याने डावीकडची वायर उपटली होती, ती रेइनोने गॅरेजमध्ये बसून जोडली, स्वतः घालून पाहिलं. "फर्स्टक्लास!" म्हणाला. म्हणजे दोष माझाच.

चर्चच्या गायनवृंदात मी खालच्या पट्टीत गाते, आणि मलाच खालचे सूर ऐकू येईनात! ईस्टरला एकटीने गायच्या ओळी दिल्यात. नाही म्हणून सांगावं लागणार. रेइनोला बोलले नाही. उगाच जिवाला घोर लावून घेईल.

२१ जानेवारी

नव्या गाद्या टपालाने आल्या. जुना चिकट थर स्पिरिटने पुसला. गादी कडेवर चढवताना अंगठे सोलवटले — फुगीर उशीला तोकडा अभ्रा घालावा तसं. डोक्यावरची पट्टी फाटली होती, तिला रेइनोच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाची बाही शिवली. स्वारी खूश! "माझा शर्ट डोक्यावर घेऊन मिरवणार तर."

दिसायला नवेकोरे. आवाज तसाच, पोकळ. कान तपासायची वेळ घेतली, वीस फेब्रुवारीची. गुपचूप.

२६ जानेवारी

सरोवराकाठी फिरायला. नाकं गोठली. रेइनोने नेहमीप्रमाणे मला उजव्या हाताला घेतलं — "आमचे वडील असेच चालायचे." हट्टी माणूस! पण त्याचा हात उबदार असतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज घरी आल्या आल्या वही उघडली.

वाचनालयात जुन्या वस्तू दुरुस्त करून देतात, तिथे हेडफोन घेऊन गेले. डावीकडे वायर हलली की खरखर यायची, तेवढीच काढायला. टेबलावर देल्फीन होती — टेलिफोन कंपनीत उभं आयुष्य काढलेली, तोंडाने फटकळ. डावी वाटी उघडली आणि हसायलाच लागली.

"हे कोणी जोडलं?"

"माझ्या नवऱ्याने."

"आणि तरी संसार टिकला? अगं, दोन्ही वायरी उलट्या लावल्यात! एक बाजू ढकलते तेव्हा दुसरी ओढते. दोन्हीकडे सारखं असतं तेच मरतं — गाणाऱ्याचा आवाज, खालचे सूर. दोन कान धड असलेल्या कोणालाही मिनिटात कळेल. तुला नाही कळलं?"

"कळलं. पण मला वाटलं, मीच बिघडले."

तिने हसणं सोडून हत्यार उचललं. डाग देऊन वायरींची अदलाबदल केली. "घाल आता."

घातले. आणि ती बाई परत आली! दोन भुवयांच्या मधोमध, श्वास घेताना सुद्धा ऐकू आली. मी सगळ्यांदेखत रडले. देल्फीन म्हणते, "बाई गं, वायरींवर पाणी नको!" देवा, किती आभार मानू तुझे? आणि त्या फटकळ बाईचे?

९ फेब्रुवारी

ईस्टरला मी गाणार! चर्चमध्ये सांगून टाकलं. देल्फीनला गुलाबी आयसिंगच्या पर्शियन बन्सचा खोका दिला. म्हणाली, उलट्या वायरींचं गिऱ्हाईक रोज येऊ दे.

रेइनोला चिडवलं. "घालून पाहिले होतेस ना?"

"पाहिले होते. झकास होते!" मग आत्ताचे घातले. "तेव्हा असेच तर वाजत होते. काय वेगळं केलं तिने?"

मी हसले. आता हसू येत नाहीये. देल्फीनचं ते 'दोन कान धड असलेल्या' डोक्यातून जात नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी कॉफी पिताना त्याच्या डोक्यावर हेडफोन घातले, गाणं लावलं आणि आवाज फक्त डाव्या कानात जाईल असं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं.

"बंद का केलंस?" रेइनोने विचारलं.

गाणं चालू होतं. डावी गादी त्याच्या कानापासून जरा उचलली, तर मला ऐकू येत होतं.

वीस तारखेची वेळ रद्द करायला फोन लावला होता. रद्द नाही केली. नाव तेवढं बदललं. दुपारी फिरायला निघालो, तेव्हा मी आपणहून त्याच्या उजव्या हाताला गेले.