फक्त नावं मागितली होती

बालाघाट, १२ नोव्हेंबर २००६, संध्याकाळ

पुन्हा नकार. दवाखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळते, म्हणून शिव्या मलाच. एक्स-रेचं फोल्डर उघडता उघडत नाही. प्रोग्रामला फक्त फायलींची नावं पाहिजेत. कर्नल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम, मात्र प्रत्येकीचा आकार, तारीख, सगळं गोळा करत बसतो. "फक्त नावं दे" असं प्रोग्रामला सांगता यावं, एवढीच मी कर्नलसाठी लिहून पाठवलेली दुरुस्ती. ती तपासणारे परदेशातले गृहस्थ लिहितात, काय आणायचं ते कर्नलच ठरवेल. काहून? फक्त नावं मागितली तर नावंच द्या ना!

वैतागून बाबांना सांगितलं. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, म्हणाले, "बराबर हाय त्याचं. मागणाऱ्याले काय समजते?"

"बाबा, परवा गुडघ्याच्या एक्स-रेसाठी तुमी तासभर बसून होते ना, ते ह्याच्याच पायी."

बाबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "लिव त्याले परत. मी फोनले हात लावत नाई."

इंटरनेट फोनच्याच लाइनवर चालतं. रोज या वेळी ते रामपायलीच्या आत्याशी बोलतात. आज नाही बोलले. मेल गेली.